बायकोची पहिली पंगत, मुक्काम स्पेन

२००८ साली मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि तोपर्यंत माझं एकदाही चुकलेलं नव्हतं.

हे बढाई म्हणून सांगत नाही, सवयीने सांगतो. छत्तीस वर्षं मी मार्केट यार्डात तोलणार होतो. शाळा चौथीपर्यंत (परीक्षा दिली, निकाल आणायला गेलो नाही). पण टोमॅटोच्या क्रेटचा वरचा थर बघून तळाला काय लपवलंय ते मी सांगायचो. मी नाक मुरडलं की आडत्या भाव पाडायचा. असला माणूस घरात असला की घरच्यांचं काय होतं, ते घरच्यांनाच विचारा. किंवा नका विचारू. ते सांगतील!

आमची मुलगी सुजाता कॉम्प्युटरची इंजिनियर. तिच्या कंपनीने तिला वर्षभरासाठी स्पेनला, वलेन्सिया नावाच्या गावी पाठवलं होतं. त्याच वर्षी माझी बायको शांता रिटायर झाली. शांताने बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. दीडशे मुली, दोन वेळा. सगळ्यांची जेवणं झाली की ही मोठ्या पातेल्यापाशी बसायची, उलथन्याने तळाची खरवड काढायची आणि तेच जेवायची. घरीही तोच क्रम. आधी मी, मग सुजाता, मग खरवड आणि शांता. सुजाताने लहानपणापासून हे बघितलेलं. मीही बघितलेलं, पण मी जेवता जेवता बघत होतो.

तर सुजाताने आम्हा दोघांना विमानाची तिकिटं पाठवली. विश्रांतवाडीहून निघालेले आम्ही वलेन्सियात पोचलो आणि पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं,

"आईला एकदा तरी पहिल्या पंगतीत बसवायचंय. ती बसणार, दुसरे वाढणार. शनिवारी दुपारी दोन वाजता. दोन महिने आधी टेबल बुक केलंय मी."

तिने लॅपटॉपवर त्या हॉटेलचे फोटो दाखवले. परातीएवढी बशी आणि मधोमध लिंबाएवढं जेवण.

"मी आधी बघून येतो," मी म्हटलं.

"काय बघणार, बाबा?"

"माल."

माझं म्हणणं साधं आहे. हॉटेल पुढून बघायचंच नसतं. पुढून सगळेच नवरदेव असतात. सकाळी मागच्या दाराला कोणता माल उतरतो, ते बघायचं. तेवढ्यावर मी पुण्यातली निम्मी हॉटेलं आयुष्यातून बाद केली आहेत. (त्यांचं उत्तम चाललंय.)

शनिवारी सकाळी आठ वाजता मी त्या हॉटेलच्या मागच्या बोळात हात मागे बांधून उभा होतो. गाडी आली, क्रेट उतरले, आणि मी कपाळाला हात लावला. टोमॅटो हिरवे, काळपट, पिवळे, एकाच क्रेटमध्ये! एक तर भोपळ्यासारखा खाचाखाचांचा, एकाला ही अशी भेग. गाजरं मातीसकट. एका टोपलीत चक्क बांधावरचं तण! यार्डात मी असला माल काट्यावर चढवला नसता, परस्पर गोठ्यात पाठवला असता.

घरी येऊन मी निकाल दिला. "रद्द कर. तीन नंबरचा माल आहे."

"बाबा, ते टोमॅटो मुद्दाम तसे पिकवतात! जुनं बियाणं असतं. इथले सगळ्यात महाग टोमॅटो आहेत ते."

"भेगाळलेला टोमॅटो महाग? आणि हे तू मला सांगतेस?"

"तुमच्यासाठी नाहीये ते. आईसाठी आहे!"

दोघांनी शांताकडे बघितलं. ती म्हणाली, "मला कुठंही चालेल."

या एका वाक्याने तिने चाळीस वर्षं माझं डोकं बिघडवलंय. मी म्हटलं, "तुम्ही दोघी जा. मी येत नाही." शांता म्हणाली, "मग मीही नाही जात." सुजाताने फोन उचलला, दोन वाक्यं बोलली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचं नाक लाल झालं होतं. आपलं काहीतरी चुकतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण कळलं म्हणून लगेच कबूल करणाऱ्यांतला मी नव्हे.

"काय म्हणाले ते?" शांताने विचारलं.

"टेबल दुसऱ्यांना दिलं. आता पुढचं ऑगस्टमध्ये."

"आपलं परतीचं तिकीट कधीचं?"

"मंगळवारचं."

"हात्तिच्या!" मी म्हटलं. "चला, मी निवडतो. त्याहून भारी हॉटेलात बसवतो तुझ्या आईला."

बारा वाजता निघालो. पहिल्या हॉटेलात जेवणाचे रंगीत फोटो उन्हाने निळे पडलेले. बाद. दुसऱ्याचा आचारी दारात उभा राहून शेजारच्या दुकानातला वडा की काय खात होता. स्वतःचं खात नाही म्हणजे बघा! बाद. तिसरं मात्र भरलेलं होतं. म्हणून मी आत जाऊन, शेवटचा घास चाललेल्या एका जोडप्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. आपल्याकडे ही रीतच आहे. त्याशिवाय रविवारी पुण्यात कुणाला टेबल मिळालंय? पण तो गृहस्थ घाबरला. त्याने आधी पाकीट चाचपलं, मग बायकोची पर्स मांडीवर घेतली, मग मालकाला बोलावलं. सुजाताने माफी मागून मला बाहेर आणलं.

"बाबा, प्लीज! मी करते एक-दोन ठिकाणी फोन. इथंच थांबा. कुठंही जाऊ नका."

ती कोपऱ्यावर फोन लावत उभी राहिली. दीड वाजला होता. शांताने एक पाय चपलेतून काढून दुसऱ्यावर ठेवला होता. म्हणजे ती दमली होती. तेवढ्यात समोरच्या गल्लीत एक टेम्पो थांबला आणि त्यातून क्रेट उतरले. टोमॅटो! एकसारखे, लाल, टणक, देठासकट. श्रावणघेवड्यासारख्या चपट्या शेंगा, कोवळ्या. लिंबं अशी की वास रस्त्यापलीकडे आला. एका हिरव्या शटरमधून सगळं आत गेलं आणि आतून लाकडाच्या चुलीचा धूर आला.

"शांते, चल!"

"अहो, सुजाता थांबा म्हणालीय."

"येईल ती मागनं."

आत लांबच लांब टेबलं, वर पांढरा कागद पसरलेला, चाळीस-पन्नास माणसं. मागच्या अंगणात माणूस झोपेल एवढी मोठी लोखंडी परात चुलाणावर चढलेली आणि भोवती पाच म्हातारे एप्रन बांधून एकमेकांशी तावातावाने भांडत होते. आचारी भांडतात तिथं जेवण चांगलं असतं. मी सगळ्यांना हात जोडून जयभीम केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शांताला पहिल्या ओळीत, ऐन मधल्या खुर्चीवर बसवलं आणि एका टकल्या एप्रनवाल्याला टिचकी वाजवून बोलावलं.

"तीन माणसं," मी स्वच्छ मराठीत सांगितलं. (सावकाश बोललं की मराठी सगळ्यांना कळतं.) तीन बोटंही दाखवली. तो जरा घुटमळला, त्याने शांताकडे बघितलं, मग हसला आणि तीन ताटल्या मांडल्या. पुण्यात वेटर हसला की आपण बिल तपासतो. इथं मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

मग माझा हुरूप वाढला. पाणी मागवलं, आणलं. कांदा चिरून मागवला, आणला. लिंबाची फोड, आणली. टेबलावर पावाचा चुरा सांडला होता, बोटाने दाखवलं, त्याने पुसलं. कोपरा राहिला होता, तोही दाखवला. त्याने तोही पुसला! मग मी अंगणात जाऊन जाळ जास्त झालाय असं पाचही म्हाताऱ्यांना खुणेने सांगितलं. त्यांतल्या दोघांनी "बघा, आम्ही काय म्हणत होतो!" अशा अर्थाचं काहीतरी ओरडून उरलेल्या तिघांवर विजय मिळवला.

"सर्व्हिस बघितलीस?" मी शांताला म्हटलं.

"बघितली. पण अहो, इथं कुणी पैसे देताना दिसत नाही."

"मोठ्या हॉटेलात ते दिसत नसतं."

तेवढ्यात सुजाता धावत आत आली. तिने टेबलं बघितली, भिंतीवरचे फोटो बघितले, बक्षिसांच्या ढाली बघितल्या, आणि तिचा चेहरा त्या टेबलावरच्या कागदासारखा झाला.

"बाबा, उठा."

"का? जागा मिळालीय."

"हे हॉटेल नाहीये. हे मंडळ आहे!"

"कसलं मंडळ?"

"आपलं गणपती मंडळ असतं ना, तसं. हे लोक मार्चमध्ये मोठे पुतळे बनवतात आणि जाळतात. प्रत्येक गल्लीचं वेगळं मंडळ. आज ह्यांच्या मेंबर लोकांचं घरगुती जेवण आहे. आणि हे जे फडकं हातात घेऊन तुमच्यापाशी उभे आहेत ना..."

"तो टकला वेटर?"

"अध्यक्ष आहेत ते! त्यांच्या फोटोखालची पाटी वाचा. म्हणजे, नका वाचू. दातांचे डॉक्टर आहेत."

कोपरासुद्धा पुसायला लावला होता मी! आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाला मी टिचकी वाजवली असती तर मला रिक्षात घालून आणावं लागलं असतं. मी उठलो. शांता तर माझ्याआधी उठून पदर सावरून दाराकडे निघाली होती. आयुष्यात एकदा पहिल्या ओळीत बसली, आणि तिथूनही मी तिला उठवलं! त्या क्षणी मी होतो, एवढा हलका माल माझ्या काट्यावर कधी चढला नव्हता.

पण अध्यक्ष आडवे आले. त्यांनी सुजाताला काहीतरी विचारलं. सुजाता तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू लागली: आई, बावीस वर्षं, दीडशे मुली, सगळ्यांच्या शेवटी जेवण, आज पहिली पंगत, बाबा, टोमॅटो. 'टोमॅटो'ला सगळे माझ्याकडे बघून हसले. मग अध्यक्षांनी शांताच्या दोन्ही खांद्यांना धरलं, तिला परत मधल्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने काही बोलले. टाळ्या पडल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आमच्यात ह्या दिवशी पुरुष रांधतात, बायका बसतात. आणि आजचा पहिला मान ह्यांचा."

शांताने माझ्याकडे बघितलं. 'पुरुष रांधतात' इथं जरा जास्त वेळ बघितलं.

परात आली. चार जणांनी धरून आणली. पिवळाधमक भात, कोंबडी, त्या कोवळ्या शेंगा. (आम्ही सगळं खातो, तो प्रश्न नव्हता.) अध्यक्षांनी लोखंडी उलथनं घेतलं, वरचा मऊ भात बाजूला सारला, तळ खरडला आणि ती करपत आलेली खरवड काढून शांताच्या ताटलीत वाढली.

माझं डोकंच फिरलं! बावीस वर्षं वसतिगृहात खरवड, घरी खरवड, आणि सात समुद्र ओलांडून पहिल्या पंगतीतही खरवडच? आजवर मी तिच्यासाठी कधी आवाज चढवला नव्हता. (तिच्यावर चढवला होता, तिच्यासाठी नव्हता.) सगळी कसर मी तिथंच भरून काढली.

"अजिबात नाही! आज हिला खरवड नाही! वरचा भात वाढा!" असं ओरडून मी तिची ताटली उचलली आणि अध्यक्षांच्या हातात परत दिली.

सगळं मंडळ गप्प झालं. अंगणातले पाचही म्हातारे आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले असावेत.

"बाबा!" सुजाताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "त्यांच्यात तीच सगळ्यात मानाची असते! त्यासाठी भांडणं होतात इथं! जो सगळ्यात मोठा पाहुणा, त्यालाच पहिली खरवड!"

आता काय करायचं? जमीन दुभंगत नव्हती. फरशी चांगली होती, एक नंबरची. तेवढ्यात शांता उठली, अध्यक्षांच्या हातातून तिने आपली ताटली स्वतः घेतली, बसली, आणि एक कुरकुरीत तुकडा तोंडात टाकला.

"अहो, बसा खाली," ती म्हणाली. "मला खरवडच आवडते."

"काय?"

"पहिल्यापासून. तुम्ही लोकांनी काही उरवलं नाही म्हणून मी खात होते, असं वाटलं काय तुम्हाला?"

"मग इतकी वर्षं आम्हाला कधी का दिली नाहीस?"

"दिली असती तर मला राहिली असती का?"

सुजाताने हे अध्यक्षांना सांगितलं, अध्यक्षांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पन्नास माणसं टेबलं बडवून हसली. एक म्हातारी उठून आली आणि तिने शांताच्या गालाचा मुका घेतला. पुढे दोन तास शांता बसून होती आणि सगळा गाव तिला वाढत होता. ती एकदाही उठली नाही. सुजाता नुसती तिच्याकडे बघत होती, नाक परत लाल, पण ह्या वेळी मला भीती वाटली नाही. पैसे कुणी घेतले नाहीत. अध्यक्षांनी माझी दाढ मात्र फुकट बघितली आणि मान हलवली. त्या माणसांची नावं मला आजही धड म्हणता येत नाहीत. पण मी माझ्या हट्टाने बायकोची पंगत उठवली आणि ती त्यांनी परत मांडली, हे मी विसरलेलो नाही.

एवढे उपकार डोक्यावर घेऊन झोप कशी लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी त्या हिरव्या शटरपाशी हजर झालो. आत एक जण खुर्च्या रचत होता, त्याने मला ओळखून हसून आत घेतलं. अंगणात ती परात भिंतीला टेकवलेली होती. बिचाऱ्यांना धुवायला वेळ मिळालेला दिसत नव्हता, नुसती तेलकट कागदाने पुसून ठेवलेली, आतून काळीकुळकुळीत. घरात मी कधी चमचा विसळलेला नाही, पण बाह्या वर केल्या. चुलाणातली राख घेतली, कालची पिळलेली लिंबं घेतली आणि घासायला बसलो. शांता आणि सुजाता मला शोधत तिथं पोचल्या तेव्हा परात आरशासारखी झाली होती.

त्यांच्या मागोमाग अध्यक्ष आले. त्यांनी परातीत वाकून स्वतःचं टक्कल बघितलं आणि खुर्चीवर बसले. मग अगदी हळू आवाजात सुजाताला काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी हात पुसत विचारलं. "आवडलं ना?"

"बाबा, ते म्हणतायत, ही परात आतून तशी काळी व्हायला चाळीस वर्षं लागली होती. त्या काळ्या थरामुळेच तर खरवड सुटून येते."

मी परातीकडे बघितलं, शांताकडे बघितलं, आणि मान ताठ ठेवून म्हटलं,

"सांग त्यांना, मला दीड तास लागला."