मामांचे हलणारे कान

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी माझ्या नवऱ्याचे मामा गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाला चूक ठरवलेलं नाही.

ही शांतता मी कित्येक वर्षं मागत होते, हे आधी सांगून टाकते. मामांइतका वैताग आणणारा माणूस थेम्सच्या दोन्ही काठांवर दुसरा नव्हता. त्यांनी सारा जन्म कॉव्हेंट्रीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मामी गेल्यावर ते आमच्याकडे मेडनहेडला राहायला आले, तेव्हा एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत चिंपांझीची प्लास्टरची कवटी. ती त्यांनी आल्या आल्या बैठकीतल्या फळीवर, गणपतीच्या शेजारी ठेवली. मी ती हळूच खालच्या फळीवर नेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर होती. "सूनबाई, त्या दोघांचं काही भांडण नाही," मामा म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस."

उत्क्रांती हा त्यांच्यासाठी विषय नव्हता, घरचा माणूस होता. आपल्या माणसाला कुणी काही बोललं की जसा आपला जीव खालीवर होतो, तसं त्यांचं होई. बांगडा खाताना ते काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडत आणि शेजारी बसलेल्याला स्वतःच्या पाठीचा कणा चाचपायला लावत. शेजारी बहुधा पाहुणा असे. ब्रॅकनेलच्या एका बारशाला त्यांनी पाळण्यातल्या बाळाच्या मुठीत आपली दोन बोटं दिली आणि बोटं सरळ वर उचलली. बाळ लोंबकळत वर आलं. "बघा, पकड बघा. आईच्या केसाळ पाठीला धरून राहायची सवय आहे ही," असं ते कौतुकाने सांगत होते आणि नागपूरहून आलेली बाळाची आजी भिंतीला धरून खाली बसत होती. त्यानंतर आम्हाला बारशाची बोलावणी येणं बंद झालं.

त्यांचे कान हलत, दोन्ही, आणि हवे तेव्हा. पूर्वजांकडून आलेला शिल्लक माल, असं ते म्हणत. माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची होती. ती आरशासमोर तासन्‌तास भुवया वरखाली करी, पण कान ढिम्म राहत. "मामाआजोबा, माझा कान ब्रोकन आहे," ती रडवेली होऊन म्हणे. ते म्हणत, "येईल. माझ्या बहिणीचे, तुझ्या आजीचे हलायचे. तुझ्याकडे आलेलंच आहे, फक्त सापडायचं आहे." दोघांचं मेतकूट इतकं की तिला माझ्याशी बोलायचं असलं तरी निरोप त्यांच्याकडून यायचा.

शनिवारी सकाळी दारोदार धर्मप्रचार करणारी माणसं आमच्या रस्त्यावर येत. इतर घरांत पडद्याआड सामसूम होई. मामा मात्र दार उघडून त्यांना आत ओढत, चहा देत, चिवडा देत आणि कवटी हातात देत. महिन्याभरात त्या मंडळींनी रस्त्याची आमची बाजू सोडून दिली. एकटे मिस्टर प्रिचर्ड येत राहिले. हे निवृत्त वेल्श बसड्रायव्हर, सृष्टी सहा दिवसांत झाली यावर त्यांची अढळ श्रद्धा. दोघे आठवडाभराचे मुद्दे साठवून ठेवत आणि दुपारपर्यंत माझं स्वयंपाकघर अडवत. कुणाचंही मत कधी तसूभर हललं नाही. जाताना प्रिचर्ड म्हणत, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." मामा म्हणत, "करू नका, उगाच तुमचा वेळ जाईल." आणि पुढच्या शनिवारसाठी चिवडा आहे का, हे मला आधीच विचारून ठेवत.

इरा सहावीत, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात गेली आणि शाळेत उत्क्रांतीचा धडा आला. शाळेने त्यावर सायन्स डे ठरवला. आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिवांनी हेडटीचर बाईंना गाठून सांगितलं, की आमच्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. मासा, कासव, वराह, नरसिंह, मग माणूस. आमची मुलं दशावतार करून दाखवतील. बाईंना कल्पना फारच छान वाटली. रविवारची मराठी शाळा ज्या चर्च हॉलमध्ये भरते तिथे तालमी सुरू झाल्या. इरा कासव झाली. पार्सलच्या खोक्यांचे तुकडे एकमेकांवर चिकटवून तिने पाठ केली, ती हिरवी रंगवली, आणि रोज रात्री अंगावर चढवूनच ती जेवायला बसू लागली. मामा काही बोलत नव्हते. मामा काही बोलत नाहीत म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

प्रिचर्ड यांचा नातू इराच्याच वर्गात. त्यांनी शाळेला कळवलं, की सायन्स डेला हिंदूंची गोष्ट चालत असेल तर आमच्या गोष्टीलाही दहा मिनिटं मिळावीत. हेडटीचर बाई घाबरल्या आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आम्ही मोठी माणसं पाच वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन बसलो. प्रिचर्ड यांनी आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. सचिवांनी मामांकडे पाहिलं. आता आमचा तोफखाना बघा, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

मामा उठू लागले. ती खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी वर आली, मी ती सोडवली. "मिस्टर प्रिचर्ड यांचं बरोबर आहे," ते म्हणाले.

प्रिचर्डच जास्त दचकले.

"त्यांची नको, तर आमचीही नको. विज्ञानाच्या तासाला विज्ञान."

"अहो मामा," सचिव मराठीत कुजबुजले, "आपल्याच लोकांचे पाय ओढताय?"

"पाय नाही, शेपूट ओढतोय. अजून शिल्लक दिसतंय म्हणून." मग मामा कुजबुजायचं सोडून वर्गात शिकवावं तसं बोलू लागले. "डुक्कर सिंहाचं कोण लागतं? आणि परशुराम सहावा, राम सातवा. धनुष्य मोडल्यावर सहावी पायरी सातव्या पायरीशी भांडायला येते, हे कोणत्या खडकात सापडलं तुम्हाला? ते नाही म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालू शकतो. तुम्ही 'आमच्याकडे होतंच' म्हणता, तुमच्याशी काय बोलू?"

दशावतार रद्द झाला. सचिवांनी आम्हाला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं नाही, पण माझ्या शुभेच्छांना उत्तर येणं थांबलं. त्याचं मला फारसं काही नव्हतं. इराने मात्र कासवाची पाठ जिन्याखालच्या कपाटात टाकली आणि मामाआजोबांशी बोलणं बंद केलं. एकदाच बोलली. "तू नेहमी बरोबर असतोस. मला तुझं बरोबर नको." त्यावर मामांनी कान हलवून दाखवले. ती उठून गेली.

मग मी काय काय पाहिलं म्हणून सांगू. ते मासे मुकाट्याने खाऊ लागले. शनिवारी प्रिचर्ड नोहाच्या नौकेविषयी काहीतरी बोलले, तर मामा "असेल" म्हणाले. प्रिचर्ड मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना डॉक्टरला दाखवा."

आठवड्याने मामा एकटेच शाळेत जाऊन हेडटीचर बाईंना भेटून आले. दिवाळीची असेंब्ली होती, त्यात दशावतार बसवावा, गोष्ट म्हणून, गोष्टीच्या दिवशी. बाई लगेच हो म्हणाल्या. अडचण इतकीच आली की वराह व्हायला कुणी तयार होईना. डुक्कर झालं की वर्षभर डुक्करच म्हणतात, हे मुलांना पक्कं ठाऊक होतं. "वराह मी होईन," मामा म्हणाले आणि जिन्याखालचं कपाट उघडून त्यांनी पाठ बाहेर काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि इराच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवली.

असेंब्लीला ते पायजमा-झब्बा घालून आणि गुलाबी पुठ्ठ्याचं नाक लावून रांगत आले. चाळीस वर्षं उत्क्रांती शिकवलेला माणूस दातांत रंगवलेला चेंडू धरून पृथ्वी वर काढत होता आणि त्याचे गुडघे कटकट वाजत होते. नाकाचं इलॅस्टिक मध्येच तुटलं. पहिल्या रांगेतले प्रिचर्ड उठले, त्यांनी गाठ मारून दिली आणि परत जाऊन बसले. मुलं हसून लोळत होती. मग मामांनी, नाक सांभाळत, दोन्ही कान हलवले. पाठीखालून इरा हसली. घरी येताना गाडीत ती त्यांच्या खांद्यावर झोपली, पाठ अंगावर होती तशीच. मामा मला आरशातून म्हणाले, "बघ सूनबाई, कवचात मान आखडता येत नाही हिला. चुकीचं केलंय."

अंत्यसंस्काराला प्रिचर्ड कोट घालून आले होते. "त्यांनी प्रार्थना करू नका म्हणून सांगितलं होतं," ते मला म्हणाले. "मी करतो. पण हळू."

आता शनिवारी ते येतात. मी चहा करते, चिवडा काढते. मला वाद घालता येत नाही, त्यामुळे आम्ही हवेविषयी बोलतो आणि ते लवकर जातात. कवटी गणपतीशेजारी आहे. इरा माध्यमिक शाळेत जाते. गेल्या आठवड्यात दात घासताना तिने मला हाक मारून बोलावलं. तिचा डावा कान हलतो. उजवा अजून हलत नाही.