खात्री न देणारा डॉक्टर

पुण्यात ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द स्वखुशीने उच्चारणारा एकच माणूस मी पाहिला, आणि दुर्दैवाने तो अतिदक्षता विभागातला डॉक्टर निघाला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ज्या नारायण पेठेत पत्ता विचारणाऱ्याला पत्त्याबरोबर त्याची चूकही सांगितली जाते, तिथे जन्मून याला हा रोग कसा जडला, कळत नाही. लग्नात सासऱ्यांनी भाबडेपणाने विचारलं, मुलगी सुखात राहील ना? यानं बराच विचार करून “सांगता येत नाही” म्हटलं. मुहूर्त टळता टळता राहिला. घाबरलेले नातेवाईक त्याच्याकडचा पेशंट उचलून दुसरीकडे, सगळं माहीत असणाऱ्या डॉक्टरांकडे नेत, आणि हा त्यांचे रिपोर्ट तारीखवार लावून देई.

गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ याच्याच हाती सापडला. मूतखड्याने लघवी तुंबली, तिथला जंतुसंसर्ग रक्तात गेला, रक्तदाब कोसळला. सेप्टिक शॉक. हिंजवडीत नोकरी करणारी पुतणी लॅपटॉप घेऊनच आली. रक्त नळीने बाहेर काढून, गाळून परत अंगात सोडणारा फिल्टर लावा, म्हणाली; अंगभर भडकलेला दाह त्यानं उतरतो. यानं तिने आणलेलं सगळं वाचलं, तिला न कळलेले दोन परिच्छेद समजावले आणि म्हणाला, “दाहाचे आकडे उतरतील. बाबा उठतील का, ते आकड्यांवरून कळत नाही.” ती रडायला लागली. याच्या कानाखाली वाजवावी, असं मला मनापासून वाटलं.

तरी फिल्टर लावला त्यानंच. दुसऱ्या दिवशी आकडे उतरले, आम्ही पेढ्यांच्या गोष्टी करू लागलो, तर हा म्हणे, आकडे बरे आहेत, दादा अजून नाही. चौथ्या दिवशी दादाने डोळे उघडले आणि चहा मागितला. मी म्हटलं, आता तरी कबूल कर, फिल्टरने वाचवलं.

“फिल्टर, औषधं, मोकळी झालेली लघवी आणि त्याचं नशीब, चौघं एकदम कामाला होते. श्रेय कुणाच्या नावावर लिहू?”

दादाच्या डाव्या पायाची दोन बोटं मात्र रक्त न पोचल्याने काळी पडली, ती काढावी लागली. हे सांगताना हा पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला.

हल्ली रविवारी दादा आणि हा दोघं नदीकाठी फिरायला जातात. परवा मी लांबून पाहिलं. दादा अखंड बोलत होता आणि हा त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात किंचित पुढे धरून चालत होता. दादाच्या नजरेला येणार नाही, इतपतच.