पांढऱ्या कपड्यांवरचा गंज

नंदिनी लग्न होऊन धानोऱ्याजवळच्या गावात आली, तेव्हा तिच्या बीएस्सीचा एकच पेपर राहिला होता, रसायनशास्त्राचा. रेडॉक्सच्या, म्हणजे ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या प्रश्नाने घात केला होता. "दे ना पेपर, घर काई पळून नाई चाललं," असं सासू मनकर्णाबाई तेव्हा म्हणाली होती. घर खरंच पळालं नाही. नंदिनीलाच कुठे जाता आलं नाही. नवरा प्रफुल घुग्घुसला खाणीत कामाला, महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. बाकी दिवस ती, सासू आणि अंगणासमोर रस्त्याकडेची बोरिंग, म्हणजे हापशी.

ही बोरिंग मोठी लबाड. हापसताना पाणी कसं नितळ, पण घंगाळात राहिलं की तांबूस व्हायचं. त्यात धुतलेले कपडे पिवळे पडत. साऱ्या मोहल्ल्याचेच पडत, अन् बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे तशाच पिवळट पांढऱ्यात वंदनेला बसत. दोष मात्र एकट्या नंदिनीचा, कारण शिकलेली तीच.

"कॉलेज शिकली अन् लुगडं धुता येत नाई. काय शिकवलं वं तुले तिथं?" मनकर्णाबाई दोरीवरचं लुगडं हातात धरून म्हणायची.

नंदिनीही हट्टाला पेटली. बाजारातून ब्लीच आणलं. कपडे जास्त पिवळे झाले. तिने ब्लीच वाढवलं, कपडे आणखी पिवळे. शेवटी पेपरची तारीख जाहीर झाली तशी तिने विषय काढला.

"आई, पौर्णिमेनंतर पेपर आहे. मी गडचिरोलीले जाऊन येऊ का?"

"पौर्णिमेले माझं लुगडं पांढरं दिसू दे, मंग जाय."

झालं. आता पेपर लुगड्याला बांधला गेला. नंदिनीला रडू आलं, कारण हातात उपाय म्हणून होता तो ब्लीचच.

एका सकाळी तिने घाईत, कपडे भिजवायच्या आधीच, ताज्या पाण्यात ब्लीच ओतलं. नितळ पाणी बघता बघता लालसर झालं. बादलीत कपडा नव्हता, साबण नव्हता, तरी गंज तयार! ती तिथेच ओट्यावर बसली. इलेक्ट्रॉन जातात ते ऑक्सिडीकरण, मिळतात ते क्षपण. एकाने दिल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही. हे तिने पोपटासारखं पाठ केलं होतं आणि परीक्षेत उलटं लिहून आली होती. पाण्यात विरघळलेलं लोखंड इलेक्ट्रॉन देत होतं, ब्लीच ते घेत होतं, आणि लोखंडाचा गंज होत होता. हवाही हेच करते, फक्त सावकाश. म्हणजे इतके दिवस ती स्वतःच्या हाताने सासूच्या लुगड्यात गंज घडवत होती. तिनेच आगीत तेल ओतलं होतं आणि आग का विझत नाही म्हणून कपाळ बडवलं होतं.

मग तिने क्रम बदलला. ब्लीच आधी पाण्यात, कपड्याशिवाय. गंज रात्रभर तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि त्यात कपडे धुवायचे. जुन्या डागांवर लिंबू चोळून उन्हात टाकायचं. पौर्णिमेला मनकर्णाबाईचं लुगडं असं निघालं की विहारात बाया वंदना सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या. "माह्या सुनेनं केलं," मनकर्णाबाई प्रत्येकीला सांगत होती. लग्नानंतर पहिल्यांदा नंदिनीला त्या घरात सुखाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाठोडी येऊन पडली. शेजारच्या कांताबाईची, रीताची, पार वरच्या टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या बायांची. मनकर्णाबाईने सगळ्यांना हो म्हणून टाकलं होतं.

"आई, माझा पेपर?"

"आता कायले पेपर पाह्यजे? हुशारी घरीच कामी येऊन राह्यली ना. तू गेली तं पाण्यातला गंज कोन बसवन?"

नंदिनीने प्रफुलला फोन लावला. "लोक नाव घेऊन राह्यले तुह्यं," तो खुशीत म्हणाला. "आईचं मन नको मोडू. पुढच्या वर्षी पाहू." त्याची खाणीतली पाळी सुरू होणार होती, त्याने फोन ठेवला.

पेपरच्या दिवशी गडचिरोलीची एसटी बोरिंगसमोर थांबली आणि निघून गेली. नंदिनी हापसत होती. रेडॉक्सवर प्रश्न आलाच असणार, आणि या खेपेला तिला त्याचं उत्तर येत होतं.