उन्हातला डिंक

गच्चीत शेजारच्या शैलाकाकूंनी ताटभर डिंक उन्हात ठेवला आहे. त्यांच्या लेकीला नववा महिना लागलाय. अळीव, बाळंतशेपा डब्यांत भरून झाले. पाळणा मात्र अजून माळ्यावरच आहे.

दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ जन्मतःच गेलं. करून ठेवलेल्या डिंकाच्या लाडवांचं आता काय करणार, असं मी चाचरत विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "तिलाच देणार. बाळ गेलं, पण माझी लेक बाळंतीण आहेच की." सव्वा महिना त्यांनी तिला रोज लाडू दिला, तिचं अंग शेकलं. हे सगळं बाळाच्या कौतुकाचं असतं, असं मी तोवर समजत होते.

ऊन सरकलं, तसं आम्ही दोघींनी मिळून ताट उन्हात ओढलं. पाळण्याचं नाव कुणीच काढलं नाही.