साडूभाऊंचा 'च'

माझ्या साडूंइतका स्वतःच्या फायद्याला निरुपयोगी माणूस हातकणंगल्यापासून चंदगडपर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, तोंडावर कितीदा तरी सांगून झालंय. दरवेळी ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "पावणं, 'निरुपयोगी' वस्तू असती. माणसाला 'बिनकामाचा' म्हणत्यात." म्हणजे शिवी खायची ती खायची, वर तिचं शुद्धलेखनही तपासायचं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हा प्रश्न मला लग्न ठरल्या दिवसापासून पडलेला आहे.

लग्न ठरल्या दिवसापासून म्हणतो, कारण सुरुवातच तिथं झाली. आमच्या सासरची मंडळी सीमेकडची, घरात निम्मं कानडी. थोरली मुलगी साडूंना दिलेली, धाकटीला बघायला मी गेलो. बायकोचे थोरले काका, म्हणजे दोड्डप्पा, यांना मराठी कळायचं पण बोलता येत नसे, म्हणून मध्ये दुभाषे बसवले ते साडूभाऊ. मला बघून दोड्डप्पा कानडीत बराच वेळ काहीतरी बोलले. सगळे खाली बघायला लागले. सासूबाईंनी साडूंना डोळ्यांनी खुणावलं, की एवढं सगळं नको. साडूंनी घसा साफ केला आणि मला सांगितलं, "ते म्हणत्यात, पोरगा बरा हाय, पण नाकावर राग दिसतोय, आणि मिशी राखलीया की चिकटवलीया कळंना." मग दोड्डप्पाच हसले, लग्न झालं आणि मिशी मी दुसऱ्याच दिवशी काढली. पुढं कधीतरी मी साडूंना विचारलं, अहो, गाळायचं की थोडं. ते म्हणाले, "मी न्हवतो बोलत, दोड्डप्पा बोलत हुते. त्यांचं मी कसं गाळणार?"

हा माणूस पोटासाठीही भाषांतरच करायचा, सरकारी खात्यात. लिहायला बसला की भाषा इस्त्री केल्यासारखी, आणि बोलायला लागला की शिवारातली. रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या वाचत चालतो, त्यामुळं त्यांच्याबरोबर महाद्वार रोडवरून जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायची तयारी ठेवावी लागते. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं शाकाहारी खानावळीत गेलो. भिंतीवर 'साधी थाळी' आणि 'स्पेशल थाळी' असे दोन दर लिहिलेले. साडूंनी वाढप्याला विचारलं, फरक काय. तो म्हणाला, स्पेशलमध्ये पापड असतोय. "मग 'पापडासह थाळी' लिवा की. स्पेशल म्हटल्यावर माणसाला वाटतंय आमटी येगळी हाय." वाढप्यानं मालकाला बोलावलं, मालकानं आचाऱ्याला बोलावलं, आणि आम्ही भुकेले बसून राहिलो. शेवटी मालकानं पापड सगळ्यांनाच दिला आणि पाटी तशीच ठेवली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, तेव्हा मला हळूच म्हणाली होती की यांच्याबरोबर बाहेर जेवण्यापेक्षा उपास परवडला.

आता खरी भानगड सांगतो. मीही भाषांतरच करतो, आणि तेही सरकारीच. इमारत एक, जिना एक, पाण्याची टाकीसुद्धा एक. वरच्या मजल्यावर आमचं खातं, खालच्या मजल्यावर साडूंचं. आमच्याकडं सरकारी परिपत्रकं इंग्रजीतून मराठीत होतात, त्यांच्याकडं कोर्टकज्ज्यांचे कागद इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. परीक्षा आम्ही एकच दिली, अभ्यासक्रम तोच होता. पण आमच्या पदाचं नाव 'अनुवादक' आणि त्यांच्या पदाचं नाव 'भाषांतरकार'. कधीकाळी कुणीतरी ही दोन नावं वेगवेगळ्या कागदांवर लिहिली आणि तेव्हापासून वरच्या मजल्याला वरची वेतनश्रेणी, खालच्याला खालची. दोन सख्ख्या बहिणी, दोघींचे नवरे एकच काम करणारे, आणि दिवाळीला एकीच्या घरी नवा फ्रीज, दुसरीच्या घरी जुन्याचीच दुरुस्ती. अक्का कधी बोलून दाखवायची नाही. माझी बायको मात्र त्या आठवड्यात माझ्याशी विनाकारण तुसडेपणानं वागायची.

खालच्या खात्यातल्या पाच जणांनी अखेर कोर्टात धाव घेतली. काम सारखं, तर पगार सारखा द्या, एवढंच मागणं. साडू त्यांच्यात वयानं मोठे, निवृत्तीला फार दिवस उरलेले नव्हते, आणि शेवटच्या पगारावर पेन्शन ठरायची असल्यामुळं त्यांच्यासाठी हा निकाल म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य होतं. पाचांतली सगळ्यात तरुण म्हणजे राधानगरीकडची एक मुलगी. घरी आजारी वडील, धाकट्या भावाचं शिक्षण, आणि कमावणारी ही एकटी. वकील शोधण्यापासून सगळी धावपळ तिनं केली होती. कार्यालयातली हवा बिघडली. वरचे आणि खालचे जिन्यात भेटले तरी भिंतीकडं बघत जायला लागले. आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "त्यांच्यातले एक तुमचे पाहुणे ना?" मी म्हटलं, साडू आहेत. साहेब नुसते "अच्छा" म्हणाले, आणि माझ्यासमोरची फाईल स्वतःकडं ओढून घेतली.

सरकारतर्फे उत्तर द्यायचं होतं ते आमच्या साहेबांनी मराठीत लिहिलं. खालच्या लोकांचं काम यांत्रिक स्वरूपाचं आहे, त्यात बुद्धी चालवावी लागत नाही, असा एकूण सूर. पण कोर्टाला ते इंग्रजीत हवं होतं, आणि कोर्टाचे कागद इंग्रजीत करणं हे खालच्या खात्याचं काम. म्हणजे आमचं काम बिनडोक आहे हे इंग्रजीत सांगायला डोकं पुन्हा त्यांचंच. आपल्याविरुद्धचा कागद आपणच कसा करायचा, असं कुणीही विचारेल. मी विचारलं. उत्तर आलं की तारीख जवळ आलीय, नियम बघायला वेळ नाही. आणि कागद गेला साडूंच्या टेबलावर.

त्या कागदात एक वाक्य होतं: 'दोन्ही पदांचे काम सारखेच नाही.' साडू त्या वाक्यापाशी अडले. मला जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली गाठून त्यांनी ते वाचून दाखवलं. मला आधी काही कळेना. मग त्यांनी समजावलं. 'सारखेच नाही' म्हणजे तंतोतंत एकच नाही, थोडंफार इकडंतिकडं, पण बरंचसं सारखं. आणि 'सारखे नाहीच' म्हणजे मुळीच सारखं नाही. 'च' इकडचा तिकडं गेला की अर्थ उलटा. लिहिलंय तसं इंग्रजीत केलं तर सरकारनं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं होत होतं की काम बरंचसं एकच आहे. माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी म्हटलं, "साडूभाऊ, नशीब उघडलं तुमचं. जसं आहे तसं करा आणि गप्प बसा. तुम्ही काही खोटं करत नाही."

"शब्द तसा हाय," ते म्हणाले. "पण त्या माणसाला तसं म्हणायचं न्हाय."

मी भडकलो. जिन्याखाली उभा राहून जे तोंडात आलं ते बोललो. अक्काकडं बघा म्हटलं, स्वतःच्या म्हातारपणाकडं बघा म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारभर त्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडून त्यांनी बाकीचा कागद पुरा केला. खालच्या चौघांना तोवर कुणकुण लागलेली होती, सगळे त्यांच्या पाठीकडं बघत बसले होते. संध्याकाळ व्हायच्या आधी ते उठले आणि जिना चढून वर आले. साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. मी माझ्या जागेवरून बघत होतो.

"साहेब, ह्यो 'च' कुठं पायजे?"

साहेबांना वाटलं, थट्टा चाललीय. साडूंनी दोन्ही अर्थ सावकाश सांगितले. सांगून होईपर्यंत साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग दोनदा बदलला. आपल्या हातून काय निसटणार होतं हे त्यांना उमगलं. त्यांनी पेन घेऊन 'च' खोडला, पुढं नेऊन लिहिला, बाजूला सही केली. मग विचारलं, "तुम्हीच केस घातलीय ना आमच्यावर?"

"व्हय."

"मग हे सांगायला का आलात?"

"सांगायला न्हाय, इचारायला आलतो."

साहेबांनी चहा मागवला. साडू म्हणाले, केस चालू असताना समोरच्या पार्टीचा चहा बरा दिसत न्हाय, आणि खाली गेले. मी मागोमाग गेलो. खाली सगळ्यांना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. राधानगरीची ती मुलगी तेवढी उठून त्यांच्यासमोर आली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता. "सर, तो 'च' तुमच्या एकट्याचा नव्हता. आमचा पण होता."

शब्दावरून अख्ख्या गावाशी हुज्जत घालणारा माणूस मान खाली घालून टेबलाशी गेला आणि मोकळं ठेवलेलं ते वाक्य इंग्रजीत लिहायला बसला. मला त्यांचा राग आला होता तो तिथंच विरला, आणि खरं सांगायचं तर तिचंही काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यानंतर खालच्या मजल्यावर त्यांच्याशी कामापुरतं बोलणं राहिलं. ते डबा एकटे खायचे. अक्कानं रविवारचं आमच्याकडं येणं बंद केलं. मी एकदा त्यांच्या घरी गेलो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्यांनी खोटं केलं असतं तर मी ह्यांच्याबरोबर राहिले नसते, आणि खरं केलं म्हणून आता ह्यांच्याशी बोलवत नाही. सांगा, मी काय करू?" मी पाणी पिऊन परत आलो.

तारखा पडत गेल्या. मग एक दिवस निकाल आला, इंग्रजीत. मागणी मान्य झाली नव्हती. त्यात सतरा कारणं दिलेली होती, पदं वेगळी, भरतीचे नियम वेगळे, खाती वेगळी. ते वाक्यही होतं मध्ये कुठंतरी. त्याच्यावरच निकाल गेला असं कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण खालच्या मजल्यावर तेवढंच बोललं जात होतं. आणि रीतीप्रमाणं निकालाचं मराठी करायला कागद आला तो पुन्हा साडूंकडंच. तोवर त्यांच्या निवृत्तीला महिनासुद्धा राहिला नव्हता.

मी खाली गेलो तेव्हा शेवटची ओळ तेवढी उरली होती. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी शब्द विचारला नव्हता, उलट मीच विचारायचो आणि बोलणी खायचो. त्या दिवशी म्हणाले, "पावणं, 'डिसमिस्ड'ला काय लिवू? 'फेटाळला' की 'नामंजूर'?"

मला चीड आली होती, कोर्टाची, साहेबांची, त्यांची, माझी. मी म्हटलं, "फेटाळला लिहा. फेटाळलाच आहे त्यांनी."

"दोन्ही बरूबर हाईत," ते म्हणाले, आणि पलीकडच्या टेबलाकडं बघितलं. ती मुलगी पाठमोरी बसून काहीतरी टाइप करत होती. "पण तिला वाचायचं हाय हे."

त्यांनी 'नामंजूर' लिहिलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मला त्या क्षणी हा माणूस फार जवळचा वाटला. खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं, पण साडूंच्या खांद्यावर हात ठेवायची आपल्यात पद्धत नाही, आणि मला सुचलंही उशिरा. मी जिना चढून वर आलो. माझ्या टेबलावर एक परिपत्रक येऊन पडलं होतं. मी ते उघडलं. डाव्या बाजूला इंग्रजी होतं, उजव्या बाजूला कोरं पान, आणि पहिल्याच ओळीत एक शब्द असा होता की ज्याला मराठीत दोन शब्द होते.