मनीची वाफ आणि माझा श्रावण

आमच्या मांजराला सायनस आहे. हे कुणालाही सांगून बघा. समोरचा आधी हसतो, मग माझा चेहरा बघून गप्प होतो.

मनी पिल्लू असताना तिला जबर सर्दी झाली होती. सर्दी गेली, पण नाक आतून बिघडलं ते कायमचं. शिंका, शेंबूड, आणि झोपली की असं घोरणं की पाहुणे माझ्याकडे बघतात. (मीही घोरतो, पण तो विषय वेगळा.) मनी खरं तर आईची. बाबा गेल्यापासून ती आईच्या पायाशी झोपते. आई तिच्याशी जेवढं बोलते त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नाही.

गेल्या वर्षी ऐन श्रावणात या मनीने खाणं सोडलं. दूध नको, भात नको, बाजारातला महागडा खाऊही नको. ताटलीकडे पाठ करून बसायची आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायची. ते बघून आईनेही आपलं पान तसंच बाजूला सारलं. आता घरात दोघी उपाशी आणि बोलणी खाणारा मी एकटा!

जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्टच सांगितलं की हे दुखणं मुळापासून जाणार नाही, आटोक्यात ठेवायचं. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. बाथरूम बंद करून नुसत्या गरम पाण्याची वाफ द्यायची. पाण्यात निलगिरी वगैरे काही घालायचं नाही, मांजराला ती बाधते. (आईने पिशवीतून काढलेली बाटली मुकाट्याने परत ठेवली.) आणि तिच्यापुढे ठेवायचं ते गरम आणि भरपूर वासाचं.

"उद्यापर्यंत खाल्लं नाही तर लिव्हरवर जाईल," डॉक्टर म्हणाले. "मग नळी घालून भरवावं लागेल. तिच्या वयाला ते कितपत झेपेल, सांगता येत नाही."

आईने घरी येईपर्यंत मनीला पदराखालून सोडलं नाही.

भरपूर वासाचं म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पावसाआधी भरून ठेवलेले सुके बोंबील फळीवर डब्यात होते. पण श्रावण लागताच आईने त्या डब्याला सुतळी बांधली होती. गणपती जाईपर्यंत आमच्याकडे मासळीचं नावही निघत नाही, एवढं तिचं कडक. ती डब्याकडे बघत राहिली, मनीकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हाताने सुतळी सोडली.

"माझ्या ओट्यावर नको," ती म्हणाली. "मागीलदारी काय ते कर."

मी मागीलदारी निखारे केले आणि बोंबील भाजायला घेतले. आता सुकी मासळी भाजली की ते कळायला जाहिरात लागत नाही. आणि नेमका त्याच सकाळी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे, शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण! आम्हालाही बोलावणं होतं, मी साफ विसरलो होतो. पलीकडे कथा सांगणाऱ्या गुरुजींचा आवाज अडखळला. गडग्यावर आळीतली झाडून सगळी मांजरं येऊन बसली. त्या वासाचा पत्ता नसलेला जीव एकच, आणि तो आमच्या पडवीत डोळे मिटून बसला होता.

मी मनीला उचललं, ताटली घेतली आणि बाथरूममध्ये शिरलो. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून सुलभाने, माझ्या बायकोने, बाहेरून दार जोर लावून ओढलं. आमच्या बाथरूमचं दार पावसात फुगतं. चार महिने आम्ही ते नुसतं लोटून घेतो, घट्ट लावत नाही. हेही मी विसरलो होतो. (सुलभाही विसरली होती, पण तसं म्हणायची सोय नाही.)

दार अडकलं. सुलभा कुणाला तरी बोलवायला धावली. आत गरम पाणी, वाफ, बोंबील आणि आम्ही दोघं. घामाने निथळत मी उपड्या बादलीवर बसलो, मनीचं नाक ओल्या कापसाने पुसलं, ताटली पुढे सरकवली. हलेना. हिला नळी घालावी लागली तर आईचं काय होईल? शेवटी लहान मुलाला भरवताना करतो तेच केलं. एक बोंबील उचलला आणि म्हटलं, "बघ, मी खातो. आता तू खा गो बाय." आणि खरंच तोंडात घातला.

मनीने एक दणदणीत शिंक दिली. नाक हललं. मान खाली गेली आणि ती चक्क खायला लागली!

त्याच क्षणी दार उघडलं. सुलभाने थेट पूजेतूनच मदत आणली होती. दारात सोवळ्यातले गुरुजी, त्यांच्यामागे काकू, काकूंच्या मागे अर्धी आळी. वाफ ओसरली आणि सगळ्यांना दिसलो मी. भर श्रावणात, दाराआड, तोंडातून बोंबलाची शेपटी बाहेर आलेला.

एकटी आई मनीकडे बघत होती. "खातेय रे, खातेय," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. बाकी कुणी मांजराकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी सगळी हकिगत सांगितली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतली आणि जाताना म्हणाल्या, "असू दे हो. नाही राहवत एखाद्याला."

मनीचं दुखणं डॉक्टर म्हणाले तसं कायमचंच ठरलं. यंदाही श्रावणात तिचं नाक चोंदलं, यंदाही आईने डब्याची सुतळी सोडली. मी ताटली घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती सुलभाच्या हातात दिली.

"तू बाहेरच थांब," आई म्हणाली. "तिला निदान आजार तरी आहे."