न पाहिलेली तार

रेणू, ये, अशी जवळ बस. बसणार नाहीस, ठाऊक आहे मला. एकाच शहरात राहून बेशाहून इकडे जुन्या महाल भागात यायला तुला वर्ष लागतं, म्हणून कागदावरच बोलावते. फोनवर "बरी आहेस ना" एवढं विचारलं की झालं का गं? तुझ्या आजोबांना तू पाहिलं नाहीस. माझ्याकडून तरी ऐकून घे.

तुझे आजोबा, म्हणजे आम्हा शेजाऱ्यांचे नामदेवभाऊ, कुठलंही यंत्र उघडायला बसले की आधी त्याचा प्लग काढून मांडीवर घेत, लेकरासारखा. काम संपेपर्यंत तो तिथेच. गिऱ्हाईक हसलं की म्हणायचे, "हास गा. हा माह्यापाशी हाय तोवर मी जिता हाय."

मी रेडिओ त्यांच्या दुकानात दुरुस्तीला नेला आणि तिथे रमलेच. घर शेजारी, शिलाई आटोपली की जाऊन बसायची, बघत बघत शिकायची. जुन्या रेडिओतले काचेचे व्हॉल्व्ह तपासायची एक पेटी होती त्यांच्याकडे. वर व्हॉल्व्ह खोचायच्या खाचा, मध्ये काट्याचं मीटर. तिच्या सर्किटचे दोन छापील कागद होते आणि त्यांचं आपसातच पटत नसे. पेटीचं तर दोघांशीही नाही. म्हणून भाऊ एकेक तार बोटाने शेवटापर्यंत जाऊन बघत आणि मगच त्यातल्या एका कागदावर लाल पेन्सिलीची खूण करत.

एकदा ते जेवायला गेले असताना मी शहाणपणा केला. सुटलेली तार कागदात होती तिथे जोडली आणि बटण दाबलं. काटा शेवटाला आपटून वाकला. मला रडूच आलं. भाऊ रागावले नाहीत. भिंग लावून, चिमट्याने तो काटा सरळ करत दोन दिवस बसले. म्हणाले, "कागद लिहिणाऱ्यानं बी कोणाचं आयकूनच लिहिलं असन, बाई. तू डब्याले विचार."

त्या कागदावर आता एकच तार बिनखुणेची आहे. ट्रान्सफॉर्मरच्या खाली तिचं टोक सुटलंय, पेटी तेव्हापासून बंद, आता माझ्याकडे आहे. ती बघायला दोघं लागतात. एकाने तो जड ठोकळा उचलून धरायचा, दुसऱ्याने वाकून बघायचं. उद्या उचलू, उद्या उचलू म्हणता म्हणता भाऊ दवाखान्यात गेले. मी कागद तिथे नेला, ही कुठे जाते म्हणून विचारलं. भाऊंनी कागदावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मले वाटते मीटरले जाते. पण वाटते अन् पाहिलं, हे दोन येगळे. खूण नको करू."

चार दिवसांनी गेले.

कितीदा लाल पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. माझे डोळे अधू झालेत गं, बारीक दिसत नाही, पण हात अजून घट्ट आहेत. या रविवारी ये. ठोकळा मी धरते, तू बघ. प्लग तुझ्या मांडीवर ठेवू.